भिंत कुणाची, नाव कुणाचं?



केरळमध्ये कोचीला २०१२ पासून 'कोची-मुझिरिस बिएनाले' हा आंतरराष्ट्रीय समकालीन कला-महोत्सव भरतो. चित्रकारांनीच पुढाकार घेऊन तो उभा केला. २०१८ साली त्याची सूत्रं पहिल्यांदा एका स्त्रीकडे, अनिता दुबे यांच्याकडे आली आणि सहभागी कलावंतांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. निवड करणाऱ्या खुर्चीत बाई बसली की यादी बदलते, ती अशी.

पण बाभुळगावात बसून मी कोचीचा विचार कशाला करते? इथल्या भिंतीचा पोतारा, अंगणातला सडा, रांगोळी, नागपंचमीचा नाग हे सगळं बायांच्याच हातचं. त्याला कुणी कला म्हणत नाही, 'रीत' म्हणतात. अशा हातांसमोर जगाचं दार उघडतं, तेव्हा आत कोण जातं? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे.

डहाणू-तलासरीकडच्या वारली समाजात लग्नाचा चौक काढायचा मान सवासिनींचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी बाई लग्न लावते. चित्रही बायांचं, पौरोहित्यही बायांचं. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथे कागद आणि रंग घेऊन पोचले. त्यातून पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. एका आदिवासी कलावंताचा हा सन्मान आपल्याला आपलाच वाटतो. त्यांच्या प्रतिभेविषयी वादच नाही. पण चौक लिहिणाऱ्या सवासिनींची नावं कुणाला माहीत आहेत?

हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७च्या दुष्काळात, बिहारमधल्या मिथिलेत गेले होते. तिथेही भिंतीवरची चित्रं बायाच काढत. मात्र तिथे कागद बायांच्या हातात पडला आणि नावही त्यांचंच झालं. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. पुढे सीता देवी, गंगा देवी आल्या. घरकाम करून पोट भरणाऱ्या, मल्लाह समाजातल्या दुलारी देवींना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

१९८९ साली पॅरिसमध्ये 'पृथ्वीचे जादूगार' अशा अर्थाच्या नावाचं जगभरच्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात मिथिलेहून बौआ देवी होत्या आणि वारल्यांकडून जिव्या. दोन्हीकडची मूळ भिंत बायांचीच!

हा फरक का पडला? मला वाटतं, भिंत घरात असते, पण बाजार गावाबाहेर असतो. शहरात जाणं, व्यवहाराची भाषा बोलणं, चार दिवस घर सोडणं हे पुरुषाला सहज जमतं. बाईला त्यासाठी कुणाची तरी परवानगी लागते, मागे चूल आणि लेकरं असतात. कला 'रीत' असते तोवर ती बाईची. तिला पैसा आणि प्रवास चिकटला की ती हळूच पुरुषाच्या हातात जाते. बियाणं, दूध, सुईणपण यांचं याहून वेगळं काय झालं? मिथिलेतल्या बायांनाही दलालांनी नागवलंच, पण निदान चित्राखाली सही त्यांची राहिली.

म्हणून 'स्थानिक कलावंतांमध्ये रुजलेला महोत्सव' असं कुणी म्हटलं, की आपण चार प्रश्न विचारायचे. चित्राखाली नाव कुणाचं? पैसे कुणाच्या खात्यात? निवड समितीत गावातल्या बाया किती? आणि मूल कडेवर असलेली बाई तिथवर पोचावी, म्हणून काय सोय? मांडवात ओवाळायला आणि नाचायला बोलावणं म्हणजे सहभाग नव्हे.

आज वारली मुलीही कागदावर, कापडावर चित्रं काढून कमावतात, ही आशेची गोष्ट आहे. आपल्या गटांनीही इतकं तरी करावं: आपापल्या गावात कोण काय काढतं, कुणाकडून शिकली, याची तिच्या नावानिशी वही ठेवावी. 'अमक्याची बायको' असं न लिहिता तिचं स्वतःचं नाव लिहावं. उद्या दार उघडलं, तर ती वही आपल्या हातात हवी.