कोळशाच्या हिशेबापासून आरंभ

भुसावळजवळच्या दीपनगर वसाहतीत वाढलेल्या मुलाला विजेचा कारखाना ही पुस्तकातली गोष्ट वाटत नाही. 1968 साली साडेबासष्ट मेगावॉटच्या एका संचाने जेथे आरंभ झाला, पुढे 210 मेगावॉटचे दोन आणि 2012 च्या सुमारास 500 मेगावॉटचे दोन संच जेथे उभे राहिले, तेथे ‘आज रेक आली नाही’, ‘रात्री भार उतरवला’ ही वाक्ये चहाबरोबर कानी पडत असतात. असे असूनही हाच मुलगा भुसावळ, जळगाव वा धुळे येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेताना गणनाची संगणकभाषा शिकू लागतो, तेव्हा त्याची पहिली ओळख करून दिली जाते ती तीन ओळी आणि तीन स्तंभ यांच्या एका सारणीशी, जिच्यात एकपासून नऊपर्यंतचे आकडे ओळीने मांडलेले असतात आणि ज्या आकड्यांचा जगातील कोणत्याही वस्तूशी काडीइतका संबंध नसतो.

गणनभाषेचा आरंभ ज्याच्या उत्तराचा अदमास विद्यार्थ्याला यंत्राला हात लावण्यापूर्वीच आहे अशा प्रश्नापासून झाला पाहिजे, आणि दीपनगरसारख्या ठिकाणी असे प्रश्न शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला पाच लाख युनिट वीज निर्माण करतो. एका युनिटामागे सुमारे 2400 किलोकॅलरी उष्णता खर्च होते असे धरले, आणि कोळशाच्या एका किलोतून 3500 किलोकॅलरी मिळतात असे मानले, तर युनिटामागे पाऊण किलोहून थोडा कमी कोळसा लागतो, तासाला सुमारे 343 टन, आणि दिवसाला आठ हजार टनांहून थोडा अधिक. मालगाडीच्या एका रेकमधून चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो. म्हणजे एका संचाला दिवसाकाठी दोन रेक. वसाहतीतल्या कोणत्याही अनुभवी कर्मचाऱ्याला विचारावे, तो कागद न घेताच मान डोलावील. हा सारा खर्डा एखाद्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर मावतो, आणि तो तेथे मांडून झाल्याशिवाय संगणकाची कळ दाबू देऊ नये.

कारण कळ दाबल्यावर काय होते ते पाहण्यासारखे आहे. ऑक्टेव्ह नावाच्या विनामूल्य गणनभाषेत पाच लाखांना 2400 ने गुणून 3500 ने भागा असे सांगितले, तर पडद्यावर 3.4286 हा आकडा आणि त्याच्या शेपटाला ‘ई’ हे अक्षर, अधिकचे चिन्ह व 05 एवढे लिहिलेले दिसते. दशांशचिन्ह पाच घरे उजवीकडे सरकवा, असा त्या शेपटाचा अर्थ. तो ज्याला ठाऊक नाही असा नवशिका बेलाशक ‘साडेतीन किलो’ असे उत्तर वहीत उतरवून मोकळा होतो. ज्याने आधी खर्डा केला आहे त्याला मात्र साडेतीन किलो कोळशावर पाच लाख युनिटे ऐकूनच हसू येईल, आणि ते शेपूट कशासाठी आहे हे तो स्वतः विचारील. अशा विचारण्यातून जे कळते ते टिपणाच्या वहीतून क्वचितच कळते.

पुढची पायरी याहून रोचक आहे. संच चोवीस तास सारख्या भाराने चालत नाही, आणि कोळसाही तासागणिक सारख्या प्रतीचा येत नाही. म्हणून चोवीस तासांच्या भाराची एक ओळ आणि चोवीस तासांच्या कोळशाच्या उष्मांकाची दुसरी ओळ चौकटी कंसांत मांडावी, आणि पहिलीला 2400 ने गुणून दुसरीने भागण्याचा हुकूम द्यावा. या भाषांचे सारे सामर्थ्य येथेच आहे, की चोवीस वेगवेगळे भागाकार एका ओळीच्या आज्ञेत उरकतात. परंतु तिरप्या रेघेआधी एक ठिपका द्यावा लागतो. तो विसरला तर यंत्र तक्रार करीत नाही. दोन ओळींचा गुणाकार तसाच केला असता तर मापे जुळत नाहीत म्हणून त्याने अडविले असते. भागाकाराच्या बाबतीत ते दोन्ही ओळींतून सर्वांत जवळ जाणारे एकच गुणोत्तर काढते आणि ते मुकाट्याने हाती ठेवते. मग विद्यार्थी त्याची बेरीज घेतो, म्हणजे एकाच संख्येची बेरीज, आणि दिवसभराचा कोळसा तीनशे-साडेतीनशे टन ठरतो. आकडा नीटनेटका असतो आणि पडद्यावर कोठेही लाल अक्षर उमटलेले नसते. दिवसाला दोन रेक हा दाखला ज्याच्या मनात आहे तोच येथे थबकेल. इतरांची वही मात्र सही-शिक्क्यासह मंजूर होईल.

या भाषांच्या जन्मकथाही माझ्या म्हणण्याला पोषकच आहेत. मॅटलॅब ही भाषा क्लीव्ह मोलर यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठात तयार केली ती विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या कचाट्यात न सापडता सारण्यांची गणिते करता यावीत म्हणून. 1984 साली तिचा व्यवसाय झाला. ऑक्टेव्हची पहिली पूर्ण आवृत्ती 1994 ची, कर्ते जॉन ईटन. आणि रासायनिक अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून योजलेल्या या भाषेला नाव देण्यात आले ते ईटन यांचे शिक्षक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे, जे पाकिटाच्या पाठीवर झटपट अदमास काढण्याबद्दल ख्यातनाम होते. अशा गृहस्थाचे नाव धारण करणारी भाषा अदमासाशिवाय शिकविली जावी, याला काय म्हणावे!

कोणती भाषा निवडावी या वादात मला विशेष रस नाही. मॅटलॅब उत्तम आहे, पण तिचा परवाना महाग. आणि परवान्याविना उतरविलेल्या प्रती प्रयोगशाळांतून चालविण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे पडून गेला आहे, तो विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच एका गैरवाजवी व्यवहारात भागीदार करतो. ऑक्टेव्ह किंवा फ्रान्समध्ये जन्मलेली सायलॅब यांना छदामही पडत नाही. सायलॅबचा प्रसार मुंबईच्या आयआयटीने चालविलेला असून तेथील ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ऐकण्याची सोय केली आहे. पायथन शिकणाऱ्याचेही काही बिघडत नाही. एवढेच, की तेथे मोजणी एकाऐवजी शून्यापासून सुरू होते आणि सारण्यांसाठी एक जोडग्रंथालय मागवून घ्यावे लागते. पाकिटावरचा खर्डा मात्र सर्वत्र एकच.

खानदेशाला या बाबतीत पोरके वाटण्याचे कारण नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेव-हेमाडिदेव या बंधूंच्या काळात त्याला उत्पन्ने लावून दिली गेली. त्या उत्पन्नांचा तपशील मराठीत कोरलेला आहे. गणिताच्या पाठशाळेची अशी रीतसर तजवीज आठशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात झाली. त्या आचार्यांच्या ‘लीलावती’त भुंगे, कमळे, व्यापारी आणि व्याज यांच्या प्रश्नांची रेलचेल आहे, आणि त्रैराशिकाने सारे गणित व्यापले आहे असा त्यांचा निर्वाळा आहे. आपला कोळशाचा हिशेब त्रैराशिकाहून निराळा कोठे आहे?

आता त्या एक ते नऊ आकड्यांच्या सारणीकडे वळू, कारण तिची निवड निरर्थक आहे एवढेच नव्हे तर ती दगाबाजही आहे. या सारणीचा निश्चयक गणिताप्रमाणे शून्य येतो, म्हणजेच तिचा व्यस्त अस्तित्वातच नसतो. यंत्र मात्र द्विमान पद्धतीच्या मर्यादित घरांत आकडे कोंबते, आणि भागाकारात उरलेल्या सूक्ष्म चुकांमुळे शून्याऐवजी दशांशचिन्हामागे पंधरा शून्ये ठेवून मग उगवणारी एक चिमुकली संख्या दाखविते. व्यस्त मागितला तर इशारा देऊन का होईना, प्रचंड आकड्यांची एक सारणी पुढे करते. शिकविणाऱ्याने येथे थांबून हे रहस्य उलगडले तर तो उत्तम पाठ होईल. बहुधा तसे होत नाही. इशारा ओलांडला जातो आणि ते भुताटकीचे आकडे वहीत जसेच्या तसे उतरतात.

अभ्यासक्रम वेळेत पुरा करावयाचा असतो, एका तासात साठ विद्यार्थी आवरावे लागतात, ही शिक्षकांची अडचण खरी आहे; पण माझी मागणीही माफक आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत आज्ञावलीच्या आधी चार ओळींची जागा राखून ठेवावी, तीत विद्यार्थ्याने हाताने काढलेला अदमास शाईने लिहावा, आणि परीक्षकाने निम्मे गुण त्या चार ओळींना व यंत्राच्या उत्तराशी त्यांचा मेळ का बसला किंवा का बसला नाही या खुलाशाला द्यावेत. आकड्यांसाठी कोणाच्या दफ्तरी अर्जही करावयास नको: राज्य भार प्रेषण केंद्राचे वीजनिर्मितीचे दैनिक अहवाल सर्वांना खुले असतात, त्यांत भुसावळ केंद्राचेही आकडे असतात, आणि ते चौकटी कंसांत उतरविण्यास फार तर पाच मिनिटे लागतात.