डब्यातली जुनी दिवाळी



दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हे कशाला साठवून ठेवलंय? द्या रद्दीत!" माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली येतो. झाकण उघडलं की आत काय असतं? जुनी रेशनकार्डं, लग्नपत्रिका, विजेची बिलं आणि दोरीनं बांधलेला ग्रीटिंगचा एक गठ्ठा. पणती, कंदील, लक्ष्मीची पावलं, कमळ, बर्फाचे डोंगर, गुलाबाची फुलं... रंग थोडे उडालेले, कडा पिवळ्या पडलेल्या. तो गठ्ठा पाच मिनिटांत रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. वजन किती भरतं? जेमतेम पाव किलो!

यंदा तो तराजूत जाण्याआधी तुम्ही मध्ये पडायचं. या वेळी आपण पाहणार आहोत जुन्या शुभेच्छापत्रांचा संग्रह. तिकिटं आणि नाणी तर पुष्कळ मुलं जमवतात. पण शुभेच्छापत्रांची गंमत वेगळीच. ती विकत आणावी लागत नाहीत. ती बहुतेक आपल्याच घरात असतात आणि त्यांच्यावर आपल्याच माणसांचं अक्षर असतं.

आधी ही पद्धत आली कुठून ते पाहू. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते. नाताळात त्यांना इतकी पत्रं यायची, की सगळ्यांना उत्तरं लिहायची कधी? मग १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. खाली नाव लिहायचं आणि धाडून द्यायचं! विक्रीसाठी छापलेलं नाताळचं हे पहिलं कार्ड. किंमत एक शिलिंग, म्हणजे त्या काळी चांगलीच महाग. पण टपाल स्वस्त झालं होतं ना! इंग्लंडात १८४० पासून एका पेनीत पत्र देशभर कुठेही जात होतं. टपाल स्वस्त झालं, छपाई सोपी झाली आणि कार्डं वाढली. आपल्याकडेही नेमकं हेच झालं. १८७९ साली भारतात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि साध्या माणसालाही लांबच्या नातेवाइकांची खुशाली विचारता येऊ लागली.

मात्र आपल्या लोकांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही बरं का! तिला आपला रंग दिला. दिवाळीचं कार्ड तर होतंच, पण संक्रांतीचंही असायचं. त्यावर तिळगूळ घेण्याची आणि गोड बोलण्याची विनंती छापलेली आणि पाकिटात चिमूटभर हलवा! दसऱ्याच्या पत्रातून आपट्याचं पान जायचं. आजही एखादं जुनं पाकीट उघडलं तर त्यातून तपकिरी झालेलं, जाळीदार पान हातात येतं. पाठवणाऱ्यानं लुटलेलं ते सोनं!

आता एक आपल्या जवळची गोष्ट. पिंपरीहून लोणावळ्याची लोकल पकडलीत तर लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन कोणतं? मळवली. या मळवलीजवळ एके काळी देशातला नामांकित छापखाना होता. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला रविवर्मा प्रेस १८९९ मध्ये इथे आला. तिथे दगडावर चित्र उतरवून छपाई होत असे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड! एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवत जायचे आणि शेवटी लक्ष्मी, सरस्वती प्रकट व्हायची. इथली चित्रं घराघरांत पोचली. चित्रांची पोस्टकार्डंही निघाली. १९७२ मध्ये आगीत हा छापखाना जळाला. पण जुन्या चित्राच्या खाली बारीक अक्षरांत 'रविवर्मा प्रेस, कार्ला' असं छापलेलं दिसलं, तर समजा, आपल्या लोकलच्या रुळांशेजारचा खजिना हाती लागला!

कार्ड हातात आलं की आता तुम्ही गुप्तहेर. कार्डावर तारीख नसली तरी त्याचं वय काढता येतं. कसं? पाहा या खुणा.

पहिली खूण टपालाचा शिक्का. भिंग घेऊन वाचा. गावाचं नाव आणि तारीख बहुतेक वेळा सापडते.

दुसरी खूण तिकीट. त्यावर आणे असतील तर ते १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ या काळातलं. आपल्या देशात दशमान नाणी आली तेव्हा सुरुवातीला पैशाला 'नया पैसा' म्हणत. पुढे 'नया' गळून पडला.

तिसरी खूण पत्ता. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो तयार करणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतात काव्यही लिहीत. त्याआधी शहरातल्या पत्त्यांवर 'पुणे ३०' असं लिहीत. त्याच ३० चं पुढे ४११०३० झालं. आपल्या संत तुकाराम नगरचा पिन ४११०१८. यातला पहिला ४ हा महाराष्ट्र ज्या विभागात येतो त्याचा, ४११ पुण्याचा आणि शेवटचे आकडे आपल्या टपाल कार्यालयाचे. मात्र सावध! सवयीनं पुष्कळ लोक नंतरही 'पुणे ३०' असंच लिहीत राहिले. म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. दोन-तीन पुरावे जुळले पाहिजेत.

चौथी खूण नावं. आपला पट्टा कारखान्यांचा. कंपन्या दिवाळीला आणि नववर्षाला स्वतःची कार्डं छापून घेत. त्यांवर 'टेल्को' असं नाव छापलेलं असेल तर ते कार्ड बहुधा २००३ च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं. इंग्रजी पत्त्यात 'बॉम्बे' छापलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं. आणि कार्डावर 'पिंपरी-चिंचवड महानगरपालिका' असेल तर? मग ते १९८२ च्या आधीचं असूच शकत नाही. तोवर इथे १९७० साली स्थापन झालेली नगरपालिका होती.

पाचवी खूण खुद्द छपाई. भिंगातून चित्र पाहा. निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे असे चार रंगांचे बारीक, ओळीत बसलेले ठिपके दिसतात का? ती ऑफसेटची छपाई. ठिपके नसून हाताला रंगाचा जाड थर लागतो का? ते स्क्रीन प्रिंटिंग. कागद खरखरीत, कडा ओबडधोबड? मग तो हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागदाची संस्था आहे. अशा कागदावर छापलेली कार्डं लोक आवडीनं घेत.

आणखी एक गंमत दाखवते. काही पाकिटांवर कोपऱ्यात 'बुक पोस्ट' लिहिलेलं असतं आणि पाकिटाची जीभ चिकटवलेलीच नसते, नुसती आत खोचलेली. का बरं? उघडं पाकीट पाठवलं की तिकीट कमी लागायचं! पन्नास नातेवाइकांना कार्डं पाठवणाऱ्या घराला ते दोन पैसेही मोलाचे होते. ज्यांना घाई असे ते ग्रीटिंगची तार करत. दिवाळीच्या शुभेच्छांना तारखात्याचा ठरावीक क्रमांकच असे. तेवढा क्रमांक सांगितला की पुरे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, त्यामुळे अशी तार मिळाली तर तीही जपा.

काही कार्डांच्या मागची बाजू पुढच्यापेक्षा बोलकी असते. तोंडात किंवा पायात ब्रश धरून चित्रं काढणाऱ्या कलाकारांची कार्डं तुम्ही पाहिली आहेत का? मागे त्यांचं नाव असतं. युनिसेफचं कार्ड मिळालं तर त्याची जन्मकथाही ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या रुडोल्फो या खेड्यात युनिसेफनं मदत पाठवली. तिथल्या यित्का साम्कोवा नावाच्या सात वर्षांच्या मुलीनं आभार मानायला चित्र काढलं. कागद मिळेना, म्हणून काचेवर! १९४९ मध्ये त्याच चित्राचं युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र झालं. सात वर्षांची मुलगी म्हणजे आपल्या दुसरीतली!

आता थोडं गंभीर बोलायचं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाला घरच्या डब्यात अकरा दिवाळी कार्डं सापडली. सगळी एकाच माणसाची. छापील मजकूर आणि खाली फक्त नाव, दुसरा एक शब्द नाही. त्यानं आजोबांना विचारलं, "आजोबा, हे कोण?" आजोबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ." गावच्या जमिनीवरून दोघांचं बिनसलं होतं. आजोबा पिंपरीला कारखान्यात लागले आणि बोलणं कायमचं थांबलं. पण दर दिवाळीला भावाचं कार्ड यायचं. आजोबांनी एकाचंही उत्तर दिलं नाही आणि एकही टाकलं नाही. एके वर्षी कार्ड आलं नाही, तेव्हा काय ते त्यांना समजलं.

मुलानं ती कार्डं संग्रहासाठी मागितली नाहीत. आजोबांनी दिलीही नाहीत. ती अजून त्या डब्यातच आहेत, पण आता डबा माळ्यावर नाही, आजोबांच्या उशाशी असतो. आणि "बाई, हे मुलांना सांगा, नाव मात्र नको," असं त्यांनीच कळवलं, म्हणून मी लिहिते आहे.

तेव्हा मुलांनो, संग्रहाचा पहिला नियम वहीत लाल शाईनं लिहून ठेवा : ज्याचं कार्ड त्याची परवानगी. कार्ड ही वस्तू असली तरी आतलं अक्षर म्हणजे कुणाचं तरी मन असतं. मोठ्यांसमोर बसूनच गठ्ठा सोडा. "हे वाचू का?" असं विचारा. "नको" म्हणाले तर मुकाट्यानं बाजूला ठेवा. आणि सांगू लागले, तर मध्ये न बोलता ऐका. कार्डापेक्षा ती गोष्ट मोलाची असते. कार्ड मागून कुठे तरी मिळेलही, पण गोष्ट सांगणारी माणसं पुन्हा मिळत नाहीत.

आता जपायचं कसं? जुन्या कागदाचे शत्रू चार : ऊन, ओल, कसर आणि आपणच! म्हणून :

१. सेलोटेप, डिंक, टाचणी, स्टेपलरची पिन, रबर बँड यांतलं काही लावू नका. टेप पिवळी पडते, पिन गंजते, रबर वितळून चिकटतं.

२. लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही.

३. पाकीट फेकू नका आणि तिकीट फाडून घेऊ नका. कार्डाचा जन्मदाखला तोच आहे.

४. वहीत लावायचं तर कागदाचे चार त्रिकोणी कोपरे बनवा आणि त्यांत कार्ड अडकवा. डिंक कोपऱ्याला लागेल, कार्डाला नाही.

५. डबा कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात सतत उघडू नका. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्यांतली एखादी आत टाका. मात्र ती लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

६. उघडल्यावर गाणं वाजवणारं कार्ड असेल तर मोठ्यांकडून त्यातला बटनासारखा सेल काढून घ्या. तो गळला तर कार्ड खराब होतं आणि लहान बाळानं गिळला तर जिवावर बेततं.

७. पाकिटात जुना हलवा सापडला तर तो काढून टाका, नाहीतर मुंग्या आल्याच म्हणून समजा. तशी नोंद मात्र करा!

नोंदीसाठी एक साधी वही घाला. कोणी पाठवलं, कोणाला, कुठून, कोणता सण, साल, छापखान्याचं नाव, किंमत आणि शेवटी 'घरच्यांनी सांगितलेली गोष्ट'. कार्डावर शाईनं काही लिहू नका. क्रमांक घालायचाच तर मागे कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं, अगदी हलकेच.

पालकांनाही एक विनंती. आपल्या भागात जुन्या इमारती जाऊन नव्या उभ्या राहत आहेत. घर बदलताना फ्रीज, टीव्ही, कपाट नीट पोचतं. पत्र्याचा डबा मात्र पोचत नाही. सामान बांधताना तो डबा मुलांच्या हाती द्या आणि अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी गोळा काय केलं? दिवे, अडकित्ते, कंगवे, भांडी! लोकांनी अडगळ म्हणून बाजूला टाकलेल्या घरगुती वस्तू. आज त्याच पाहायला लांबून माणसं येतात. प्रत्येक घराचं संग्रहालय होणार नाही, पण निदान एक डबा तरी राहू शकेल.

या आठवड्याचा उपक्रम सोपा आहे. घरातलं सगळ्यात जुनं ग्रीटिंग शोधा आणि वरच्या खुणांवरून त्याचं वय काढा. मग एक पोस्टकार्ड घ्या. ज्यांनी ते ग्रीटिंग पाठवलं ते हयात असतील तर त्यांना दोन ओळी लिहा, "तुमचं अमुक सालचं कार्ड आमच्याकडे अजून आहे." पत्ता नीट लिहा, पिनकोड विसरू नका. उत्तर आलं, तर तुमच्या संग्रहातलं पुढचं पान तेच!

– तुमच्या बाई