तोट्याचा धनी आधी ठरवणारी योजना

१/ वाढीच्या योजनेत अपेक्षित नफा ठळकपणे मांडला जातो. तोटा आला तर तो कोणाच्या माथी, हे मात्र बहुधा अलिखित राहते. कुंडलिकेच्या काठी, रोह्यात बालपण घालवलेल्या चिंतामणराव देशमुखांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात झालेला एक कायदा याला अपवाद आहे.

२/ देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये अर्थमंत्री. १९५२ साली ते कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून गेले.

३/ त्या वेळी खेड्यातील कर्जव्यवहार सावकाराच्या हाती होता. गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीत (धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक सदस्य) सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के आढळला. व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी.

४/ बँका खेड्याकडे का वळत नव्हत्या? ठेवी किती जमतील, कर्ज किती फिटेल, याचा अंदाजच नव्हता. शाखेचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला. अशा अनिश्चिततेत सावध बँकेने घरी बसणे हे तिच्या हिशेबाने शहाणपणाचेच होते.

५/ १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत किमान ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यातच घालण्यात आले. पण खरी कल्पकता पुढच्या तरतुदीत आहे.

६/ रिझर्व्ह बँकेला तिच्या भागांवर मिळणाऱ्या लाभांशाचा मोठा हिस्सा एका स्वतंत्र निधीत वळवण्यात आला. नव्या शाखांचा तोटा ठरलेल्या वार्षिक रकमेपर्यंत स्टेट बँकेने सोसायचा. त्यावरचा या निधीतून भरायचा. त्यामुळे बँकेला बेफिकीर होण्याची मुभा नव्हती आणि पाऊल मागे घेण्याचे निमित्तही उरले नाही. मुदतीत ४०० चा आकडा ओलांडला गेला.

७/ आता रोह्याच्या उत्तरेचे पेण पाहावे. तेथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत प्लास्टर, रंग आणि मजुरी यांत पैसा कित्येक महिने आधी गुंततो. तो सुटतो उत्सवाच्या तोंडावर. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे मुदतवाढ आणि न्यायालयीन लढाई झाली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली. नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर मात्र निर्बंध राहिले.

८/ पाण्याचे रक्षण झालेच पाहिजे, यात शंका नाही. पण शाडूकडे वळताना वाळण्याचा वेळ, वजन, वाहतुकीतील फूट, जागा हे सारे बदलते. कारागिराने नवे काही करावे अशी अपेक्षा सर्वांची. पहिल्या दोन-तीन हंगामांचा तोटा वाटून घेण्यास पुढे कोण येते?

९/ १९५५ च्या कायद्याची शिकवण सरळ आहे. भविष्य अचूक वर्तवता येत नाही. पण ते चुकल्यास किती भार कोणी उचलायचा, हे आधी लिहून ठेवता येते. ते न लिहिता आखलेली योजना दुसऱ्याच्या भांडवलावर खेळलेला जुगार ठरते, आणि पेणमध्ये ते भांडवल कारागिराचे आहे.