खेळाची पेटी बंद पडली तर



जत्रेत किंवा तालुक्याच्या बाजारात नाणे टाकून खेळायची व्हिडिओ गेमची पेटी तुम्ही पाहिली असेल. १९७८ साली जपानात ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ निघाला आणि अशा पेट्यांचे पेव फुटले. आता तो जमाना सरला. तरी जुनी पेटी स्वस्तात घेऊन चार पैसे मिळवावेत, असे कोणाला वाटले तर नवल नाही. पेटी बंद पडली की मात्र पहिला शब्द निघतो, “ट्यूब गेली!”

एवढी घाई करू नका. विहिरीवरची मोटर बंद पडली, तर आपण लगेच मोटर खोलत नाही. वीज आहे का, फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर धरतो का, हे आधी बघतो. इथेही तसेच करायचे.

दिवा नाही, आवाज नाही : त्याच सॉकेटात दुसरा दिवा लावून पाहा. मग प्लग काढून वायर आणि फ्यूज तपासा. काही पेट्यांच्या मागच्या दाराला बटण असते. दार नीट लागले नाही तर वीज तुटते. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तो पुन्हा उडाला तर आत शॉर्ट आहे असे समजा. तिथे तार गुंडाळणे म्हणजे आगीला आवतण.

दिवे लागतात, पण खेळ सारखा पहिल्यापासून सुरू होतो : मोटरला व्होल्टेज कमी पडले की ती नुसती घुमते, तसाच हा प्रकार. पेटीतला पॉवर सप्लाय घरच्या विजेपासून ५ आणि १२ व्होल्ट तयार करतो. मीटर वापरता येणाऱ्याकडून खेळाच्या बोर्डापाशीच ५ व्होल्ट मोजून घ्या. पावणेपाचाच्या खाली गेले तर खेळ अडखळतो. सव्वापाचाच्या वर जाऊ देऊ नका, बोर्ड जळेल. पुष्कळदा दोष सैल किंवा काळ्या पडलेल्या कनेक्टरचाच निघतो.

आवाज येतो, पडदा काळा : खेळ जिवंत आहे, दोष मॉनिटरकडे आहे. अंधारात मागच्या जाळीतून दुरूनच पाहा. ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड दिसत नसेल, तर मॉनिटरला वीज पोहोचत नाही किंवा त्याचा हाय-व्होल्टेजचा भाग बंद आहे. पडद्यावर एकच आडवी पांढरी रेघ दिसली तर पेटी लगेच बंद करा, नाही तर तिथे पडदा कायमचा भाजतो. एखादा रंगच गायब असेल तर रंगाची वायर किंवा मानेवरचा छोटा बोर्ड, आणि चित्र सारखे वर-खाली पळत असेल तर सिंकची वायर तपासायला सांगा.

एवढे नेमके सांगितले की मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि तुमचा पैसाही.

इथून पुढे मात्र हात मागे घ्या. रंगीत ट्यूबवर वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहतो. शिवाय पुष्कळ मॉनिटरांचा सांगाडा थेट विजेशी जोडलेला असतो. म्हणून त्यांना वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो जळाला म्हणून वगळून जोडणी करून देणारा कारागीर भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. नाणे टाकायचे दार लोखंडी असते आणि त्याला हात लावणारी पोरे अनवाणी, ओल्या मातीत उभी असतात. त्या दाराला अर्थिंगची वायर जोडलेली आहे का, तीन पिनांचा प्लग खऱ्या अर्थिंगला लागतो का, हे आधी पाहून घ्या. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकरही बसवा. अर्थिंग नसेल तर पेटी चालू स्थितीत असली तरी त्या दिवशी बंदच ठेवा.