चौथे कौशल्य

एप्रिल महिन्याच्या आरंभीचा रविवार. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचे शहर आहे. तेथील विख्यात गोल्फ-मैदानाच्या अठराव्या हिरवळीवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी आहे. तिच्यापुढे पंधरा फुटांवर जमिनीत एक लहानसे भोक आहे. सभोवार माणसे दाटीने उभी आहेत. परंतु कोणी चकार शब्द काढीत नाही. दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिच्यावर रोखलेले आहेत. मुलगी काठी किंचित मागे नेते आणि चेंडूला हलकेच ढकलते. चेंडू लोळत जातो, भोकाच्या काठाशी येतो आणि बाजूने निघून जातो. मुलगी ओठ घट्ट मिटते, चेंडू उचलते आणि पुढच्या मुलीला जागा करून देते.

मी स्वतः गोल्फ कधी खेळलो नाही. आमच्या लहानपणी गोट्या आणि विटीदांडू हेच आमचे खेळ. परंतु शाळेत आयुष्यभर मुलांच्या स्पर्धा भरविण्याचे काम मी केले आहे. त्यामुळे ही स्पर्धा पडद्यावर पाहताना माझ्या मनात जे विचार आले, ते तुमच्यापुढे मांडावेत असे वाटते.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करतो ना? गोल्फच्या मैदानात तशीच सव्वाचार इंच रुंदीची अठरा भोके दूरदूर अंतरावर असतात. काठीने चेंडू मारीत मारीत तो एकेका भोकात घालावयाचा आणि पुढे जावयाचे. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. पहिला फटका दूरचा. त्याला ‘ड्राइव्ह’ म्हणतात. हिरवळीजवळ आल्यावर चेंडू अलगद उचलून टाकावयाचा, तो ‘चिप’. आणि हिरवळीवरून चेंडू भोकाकडे लोळवावयाचा, तो ‘पट’.

या तीन कौशल्यांची मुलांसाठी एक स्पर्धा 2013 मध्ये सुरू झाली. तिचे नावच मुळी ‘ड्राइव्ह, चिप अँड पट’ असे आहे. 7 ते 15 वर्षांची मुले तीत भाग घेऊ शकतात. गावोगावच्या फेऱ्यांतून निवड होत होत शेवटी 80 मुले-मुली ऑगस्टाला पोहोचतात. पहिली अंतिम फेरी 2014 च्या एप्रिलमध्ये झाली. ऑगस्टाला दरवर्षी ‘मास्टर्स’ नावाची थोरामोठ्या खेळाडूंची स्पर्धा होते. तिच्या आधीच्या रविवारी हा मुलांचा सामना होतो आणि तो दूरचित्रवाणीवर दाखविला जातो.

या स्पर्धेतील एक गोष्ट मला फार आवडली. दूरचा फटका मारणाऱ्याला टाळ्या अधिक मिळतात हे खरे. परंतु गुण अधिक मिळत नाहीत. प्रत्येक कौशल्यात पहिल्या आलेल्यास दहा गुण, दुसऱ्यास नऊ, याप्रमाणे मोजणी होते. चेंडू कितीही दूर गेला, तरी आखून दिलेल्या पट्ट्याबाहेर पडला तर तो फटका हिशेबात धरला जात नाही. शेकडो फूट जाणारा चेंडू आणि पंधरा फूट लोळणारा चेंडू यांचे मोल येथे सारखेच आहे. केवळ अंगातील जोर दाखवून भागत नाही. हाताला संयमही लागतो. आपल्याकडे वर्गात निबंध छान लिहिणारा मुलगा शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा मला या मोजणीची आठवण होते.

दुसरी गोष्ट मुलींची. ऑगस्टाचे हे मैदान 1933 मध्ये खुले झाले. परंतु ज्या मंडळाचे ते मैदान आहे, त्या मंडळाने स्त्रियांना सभासद करून घेतले ते थेट 2012 मध्ये! म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे त्यांना हा मान मिळाला नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच हिरवळीवर मुलांच्या बरोबरीने मुलीही काठी घेऊन उभ्या राहिल्या. उशिरा का होईना, दार उघडले हे चांगलेच झाले.

आता काही विचारी माणसे असा आक्षेप घेतात, की इतक्या कोवळ्या मुलांना कॅमेऱ्यासमोर उभे करणे बरे नव्हे. हरलेले मूल लोकांच्या दृष्टीस पडते आणि त्याचे मन दुखावते. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु हरण्याने मूल खचत नाही. हरल्यानंतर घरची माणसे जे तोंड करतात, त्याने ते खचते. 2014 च्या त्या पहिल्या फेरीत अक्षय भाटिया नावाचा बारा वर्षांचा, भारतीय वंशाचा एक अमेरिकन मुलगा होता. त्याचा पहिला क्रमांक आला नाही. पुढे दहा वर्षांनी, 2024 मध्ये, टेक्सास राज्यातील एक मोठी स्पर्धा जिंकून तो त्याच ऑगस्टाला मास्टर्स खेळावयास गेला. त्याच फेरीत दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये ल्युसी ली पहिली आली होती. त्यानंतर जून महिन्यात, वयाच्या अकराव्या वर्षी, ती अमेरिकेतील स्त्रियांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत उतरली. तेथे मात्र दोन दिवसांनंतर तिला थांबावे लागले. एका दिवसाच्या क्रमांकावरून कोणाचे भविष्य सांगू नये, एवढे यावरून आपण शिकावे.

तथापि माझा खरा मुद्दा याहून निराळा आहे. या स्पर्धेत तीन कौशल्यांची परीक्षा होते. गोल्फमध्ये एक चौथे कौशल्यही आहे आणि ते कॅमेऱ्याला दाखविता येत नाही.

क्रिकेटमध्ये पंच असतो, कबड्डीतही पंच असतो. गोल्फचा खेळाडू मात्र पुष्कळदा झाडीत, उंच गवतात एकटाच असतो. आपले फटके आपणच मोजावेत आणि आपल्या हातून नियम मोडला तर आपणच तो सांगून दंड घ्यावा, अशी या खेळाची शिस्त आहे. मुलांच्या स्पर्धेत प्रत्येक फटका दुसरेच कोणी तरी मोजते. तेथे मुलाला खोटे बोलण्याची संधी नाही आणि म्हणून खरे बोलण्याचीही संधी नाही.

हे चौथे कौशल्य कसे असते, हे ज्यांनी ऑगस्टाचे मैदान स्थापन केले त्यांच्यापैकीच एकाने दाखवून दिले आहे. त्यांचे नाव बॉबी जोन्स. 1925 मध्ये अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत ते खेळत होते. त्यांचा चेंडू उंच गवतात पडला होता. काठी चेंडूमागे टेकविताना चेंडू किंचित हलला. तो हलताना दुसऱ्या कोणीही पाहिला नव्हता. जोन्स यांनी स्वतः होऊन ही गोष्ट सांगितली. आम्ही काही पाहिले नाही, असे इतरांनी म्हटले, तरी त्यांनी आग्रहाने एक फटका दंड लावून घेतला. चार फेऱ्या संपल्या तेव्हा जोन्स आणि विली मॅकफार्लेन यांची बरोबरी झाली होती. तो एक फटका नसता, तर जोन्स तेथेच जिंकले असते. पुन्हा सामना झाला आणि जोन्स हरले. तेही एकाच फटक्याने! लोकांनी त्यांची स्तुती केली, ती त्यांना रुचली नाही. बँक लुटली नाही म्हणून कोणी माणसाची वाहवा करतो काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले असे सांगतात.

ही हकीकत वाचली की मला माझी स्वतःची एक चूक आठवते. मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या क्रीडामहोत्सवात लांब उडीची स्पर्धा होती. सातवीतील एका मुलाची उडी सर्वांत लांब पडली. पंचांनी अंतर मोजून लिहूनही घेतले. इतक्यात तो मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “सर, माझा अंगठा फळीपुढे गेला होता.” ती उडी बाद झाली आणि त्याचा पहिला क्रमांक गेला. बक्षीससमारंभात मी विजेत्यांना पेले दिले, त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घेतले, भाषणही केले. पण त्या मुलाविषयी मी एक शब्दही बोललो नाही. तो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होता. पुढच्या जूनमध्ये वडिलांची बदली झाल्यामुळे तो शाळा सोडून गेला. जे मला त्याला सर्वांसमक्ष सांगावयाचे होते, ते सांगण्याचे राहूनच गेले.

जोन्स यांना आपली स्तुती नको होती, हे त्यांच्या थोरपणास शोभते. परंतु मुलांच्या बाबतीत वडीलधाऱ्यांनी गप्प बसू नये. ज्या गोष्टीचे आपण कधीच नाव काढीत नाही, ती गोष्ट मोलाची नाही असे मुलांना वाटू लागते. आम्ही नेहमी पेल्यांचीच चर्चा केली, तर मुलांनीही पेल्यांचाच विचार करावा, यात नवल ते काय?

मुलांनो, स्पर्धेत अवश्य उतरा. कॅमेरा असो वा नसो, आपल्या हातातील काठी, लेखणी किंवा चेंडू यांवर मेहनत घ्या. दूरचा फटका शिका आणि जवळचाही शिका. परंतु उंच गवतात, जेथे तुमच्याखेरीज दुसरे कोणी नाही, तेथे चेंडू हलला तर काय कराल, हे आजच मनाशी ठरवून ठेवा. वेळ आल्यावर विचार करू म्हणाल, तर मन शंभर सबबी सांगेल. आणि तुमच्या वर्गात कोणी आपली चूक स्वतः होऊन सांगितली, तर त्याला हसू नका. टाळ्या वाजविणारे पहिले हात तुमचे असू द्या. मला त्या दिवशी जे जमले नाही, ते तुम्हांला जमावे.