समतोल हेडफोनची बाजू

घरी बसून गाणे ऐकण्यासाठी घ्यायच्या हेडफोनची पारख दोन गोष्टींवर होते. ध्वनिमुद्रणात जे आहे तेच, भर किंवा तूट न होता, कानापर्यंत पोचते का. आणि दीड-दोन तास डोक्यावर राहूनही हेडफोन जाणवेनासा होतो का. हे दोन्ही गुण माफक किमतीत मिळू शकतात. तरीही दुकानात आणि जाहिरातीत भर असतो तो वेगळ्याच गोष्टींवर: बेस किती दणदणीत, आवाज निर्माण करणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, किती मिलिमीटरचा, बाहेरचा आवाज किती अडतो. या भरामागच्या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

पहिली समजूत अशी की किंमत जास्त तर आवाज चांगला. येरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास अमेरिकेतील अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांपर्यंत हेडफोन कसा प्रतिसाद देतो आणि त्याची किंमत काय, यांत संबंध आढळला नाही. कारण समजण्यासारखे आहे. पातळ प्लास्टिकचा पडदा, तारेचे वेटोळे आणि चुंबक एवढ्यावर बहुतेक हेडफोन चालतात. स्वर जुळतो तो कपाचा आकार, आतली पोकळी आणि पडद्यामागचे कापड यांच्या मेळातून. त्यासाठी विचार लागतो, महाग धातू किंवा अस्सल कातडे नव्हे. किंमत चढते ती बॅटरी, ब्लूटूथची चिप, मायक्रोफोन आणि नाव यांमुळे. अर्थात स्वस्त ते सगळे चांगले, असे यातून निघत नाही. अगदी स्वस्त मालात डाव्या-उजव्या बाजूंत तफावत निघते, वायर पिनेजवळ तुटते. किंमत हा आवाजाचा पुरावा नव्हे, एवढेच सिद्ध होते आणि तेवढे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. समतोल आवाज फिका लागतो, बेस नसेल तर मजा नाही, असे म्हटले जाते. दुकानात दोन मिनिटे ऐकताना हे पटतेही, कारण फुगवलेला बेस लगेच छाप पाडतो. तो काय झाकतो, हे मात्र ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात कळते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास आणि पंचमाची १०४ च्या आसपास बोलते. पण तानपुऱ्याचा खरा झंकार या मूळ स्वरांपेक्षा जवारीतून उमलणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांत असतो. डग्ग्याचा घुमारा आणि गायकाचे मंद्र सप्तक या दोन्हींची वस्ती खालच्याच पट्ट्यात. हेडफोनने हा पट्टा फुगवला की घुमारा गायकाच्या मंद्रावर चढतो, शब्द गुदमरतात आणि दोन आलापांमधल्या जागेत ऐकू यायला हवा असलेला स्वयंभू गंधार हरवतो. खालचे मोठे स्वर वरच्या बारीक स्वरांना झाकतात, हा कानाचाच धर्म आहे. ज्याला फिका म्हणून नाकारले, त्याच हेडफोनवर हा गंधार स्वच्छ येतो. उलट टोकाचा दोषही तितकाच वाईट: वरचे स्वर चढवले की गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ टोचतात आणि तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ पत्र्यासारखा वाजतो.

बेसप्रेमींच्या म्हणण्यात एक सत्यांश आहे आणि तो मान्य करायला हवा. हळू आवाजात खालचे स्वर कानाला कमी भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅबमधील प्रयोगांतून दाखवले. रात्री घरातले झोपल्यावर हळू ऐकताना बेस उणा वाटला, तर फोनच्या इक्वलायझरमध्ये दोन-तीन डेसिबल चढवावा. गरजेपुरता चढवणे वेगळे आणि कायमचा चढवलेला विकत घेणे वेगळे.

तिसरा पूर्वपक्ष तात्त्विक आहे: प्रत्येकाचा कान निराळा, तेव्हा समतोल असे काही नसतेच. कान निराळे असतात हे खरे. पण ज्या कानाने हेडफोन ऐकायचा, त्याच कानाने माणूस जन्मभर माणसांचे आवाज आणि वाद्ये ऐकत आलेला असतो. त्याची ओळख तिथेच पक्की झालेली असते. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप वाढवते. म्हणून कानाच्या पडद्यापाशी सरळ रेषेत मोजला जाणारा हेडफोन प्रत्यक्षात मंद आणि निर्जीव लागतो. समतोलाची कसोटी सरळ रेषा ही नसून, चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर ही आहे. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी मागच्या दशकात श्रोत्यांना हेडफोन कोणता ते कळू न देता चाचण्या घेतल्या. बहुसंख्यांची पसंती अशाच स्वरमेळाकडे गेली. काहींना बेस थोडा जास्त हवा होता, काहींना थोडा कमी. मतभेद आहेत, पण ते एका मध्याच्या आसपासचे आहेत.

पडद्याचा व्यास आणि ४०,००० हर्ट्झपर्यंतच्या झेपेचे दावे यांवर फार वेळ घालवायला नको. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झची आणि वयाबरोबर ती खाली येते. वेगळ्या ॲम्प्लिफायरची अटही सरसकट खरी नाही. ३२ ओहमचा, चांगल्या संवेदनशीलतेचा हेडफोन फोनवर किंवा साध्या टाइप-सी डोंगलवर पुरेसा वाजतो. ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० सारख्यांना मात्र अधिक ताकद लागते.

बाहेरचा आवाज अडवणारा वायरलेस हेडफोन प्रवासात उपयोगी आहे, यात वाद नाही. घर रस्त्याला लागून असेल, दिवसभर हॉर्न चालू असतील, तर घरातही निदान बंद पाठीचा हेडफोन घ्यावा. गोंगाटावर मात करायला आवाज चढवत नेणे धोक्याचे आहे. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. पण बऱ्यापैकी शांत खोलीत, ठरलेल्या रकमेत, आवाज अडवणारी यंत्रणा विकत घेणे म्हणजे स्वरासाठीचा पैसा दुसरीकडे वळवणे.

त्या खोलीसाठी योग्य तो उघड्या पाठीचा, वायरचा, कानाभोवती बसणारा हेडफोन. उघडी पाठ सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ या हेडफोनने बाजारात आणली. कपाची मागची बाजू जाळीची असल्याने आवाज डोक्यात कोंडल्यासारखा होत नाही, वाराही खेळतो. आवाज बाहेर येतो हा त्याचा दोष. शेजारी कोणी अभ्यास करत असेल तर तो चालणार नाही.

सुखावहपणाला आवाजापुढे दुय्यम मानले जाते, तेही चूक आहे, कारण तो आवाजाचाच भाग आहे. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कातडी यांत फट राहिली की बेस गळतो. बंद पाठीच्या हेडफोनात ही गळती जास्त जाणवते. पकड घट्ट केली तर फट बुजते, पण कानशिले दुखतात. म्हणून गादी जाड, मऊ आणि आतून एवढी रुंद हवी की कानाची पाळी आतल्या कापडाला टेकणार नाही. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असले तर मान कुरकुरत नाही. मखमली कापडाची गादी मुंबई-कोकणच्या दमट हवेत रेक्झिनपेक्षा बरी: रेक्झिनखाली घाम साचतो आणि काही पावसाळ्यांत त्याचे काळे पोपडे कानाला चिकटू लागतात. गादी आणि वायर बदलता येत असतील तर तो हेडफोन वर्षानुवर्षे टिकतो. १९९७ चा एचडी ६०० आजही विकला जातो, त्यामागे सुटे भाग मिळणे हे एक मोठे कारण आहे.

इथे शेवटचा आक्षेप येतो: कोणताही हेडफोन घ्यावा आणि इक्वलायझरने सुधारावा. एकूण कल इक्वलायझर सुधारतो, तेही मोजमाप हाताशी असेल तर. डाव्या-उजव्यातली तफावत, चष्म्याची फट, कानशिलावरचा दाब यांवर त्याचा इलाज नाही. विक्रेते आणखी एक आश्वासन देतात, की शंभरेक तास वाजवला की हेडफोन मोकळा होतो. बदलते ती बहुतांशी गादी, जी दबून मऊ होते, आणि ऐकणाऱ्याची सवय. ड्रायव्हरचा स्वर त्याने कळण्याइतका पालटत नाही. तेव्हा परत करण्याची मुदत असेल तिथूनच हेडफोन घ्यावा, चष्मा लावून ओळखीचा एखादा पूर्ण ख्याल विलंबितापासून द्रुतापर्यंत ऐकावा, आणि तानपुरा दबला किंवा कानशील ठणकले तर मुदत संपण्याआधी परत करावा.