अम्मूचा वाटा

अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ (१९९७) या बुकर-विजेत्या कादंबरीची चर्चा बहुधा अम्मू आणि वेलुता यांच्या निषिद्ध प्रेमापाशीच थांबते. सीरियन ख्रिस्ती घराण्यातील घटस्फोटिता आणि अस्पृश्य सुतार यांचे मीलन समाजाला सोसत नाही, हे खरेच. परंतु अम्मूला घराबाहेर काढणे इतके सोपे का जाते? लोणच्यांच्या कारखान्यात ती भावाइतकीच राबते. मालकी मात्र भावाची. कथानक १९६९ मधले. त्रावणकोरच्या १९१६ च्या वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास, मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांपैकी कमी असेल तेवढेच मिळे. लेखिकेच्या मातोश्री मेरी रॉय यांच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हा कायदा निष्प्रभ ठरविला.

आईला घरात वाटा नव्हता; म्हणून सात वर्षांच्या जुळ्या भावंडांची ताटातूट झाली, त्यांचे बालपण तेथेच संपले. आणि अम्मू एकतिसाव्या वर्षी एका लॉजमध्ये एकाकी मेली. जातीने वेलुताचा बळी घेतला. अम्मूचा घेण्यात मालमत्तेचाही हात होता. हक्कसोडपत्रावर निमूट सही करणाऱ्या बहिणी महाराष्ट्रातही आहेत. अम्मूसाठी हळहळताना त्यांचा विसर पडू नये.